शत्रूचं बोलणं मराठीत: नागपुरात युद्धपट दाखवायचे तर

समोरच्या बाजूच्या सैनिकात माणूस दिसू लागतो, असे युद्धपट बहुतेक वेळा लहानशा जागेत घडतात. एखादा खंदक, एखादं घर, एखादी सीमेवरची चौकी. तोफा कमी आणि बोलणं जास्त. ते बोलणंही दोन-तीन भाषांत चालतं, कारण समोरचा परमुलखातला असतो. कोणाला कोणाचं कळतं, कोण कळूनही न कळल्याचं सोंग घेतो, यावर सगळी गोष्ट उभी असते. म्हणून कॉलेजात, वाचनालयात किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये असे सिनेमे दाखवायचे ठरवलं, की प्रोजेक्टरच्या आधी सबटायटलचा विचार करा. हिंदी डब आयतं मिळालं तरी घेऊ नका. डबमध्ये सगळे एकाच हिंदीत बोलतात, मग त्या दोघांमधली भिंतच दिसत नाही, आणि न दिसणारी भिंत ओलांडल्याचं कौतुक कोणाला वाटणार?

खालचा सगळा हिशेब ६० ते १०० खुर्च्यांचा हॉल, एक लॅपटॉप, एक प्रोजेक्टर आणि हातात आठ आठवडे आहेत असं धरून केला आहे.

सिनेमे आणि त्यांचा क्रम

पहिला सिनेमा नागपूरसाठी जणू ठरूनच आला आहे: झाझा उरुशाद्झे यांचा 'टँजरीन्स' (२०१३). काळ १९९२-९३ चा, जॉर्जियापासून वेगळं होऊ पाहणाऱ्या अबखाझियातलं युद्ध. गाव एस्टोनियन लोकांचं, पण बहुतेक जण निघून गेलेले. म्हातारा इव्हो फळांसाठी लाकडी पेट्या तयार करतो. शेजारच्या मार्गुसची बाग तोडणीला आली आहे आणि तोडायला माणसं नाहीत. इव्होच्या घरात दोन जखमी येऊन पडतात, एक अबखाझियाच्या बाजूने लढणारा चेचेन आणि एक जॉर्जियन. बागेतलं फळ मँडरिन, म्हणजे आपल्या संत्र्याचंच कूळ. पीक हातचं जाईल ही धास्ती काटोल-नरखेडकडच्या प्रेक्षकाला समजावून सांगावी लागत नाही. लांबी ८७ मिनिटं, मध्यंतराची गरज नाही. आंबिया बहाराची तोडणी चालू असताना, नोव्हेंबर-डिसेंबरात लावा आणि दारात चहासोबत संत्र्याच्या फोडी ठेवा. सोलायची अख्खी संत्री देऊ नका. अंधारात सालं पायाखाली येतात आणि वासाने पुढच्या रांगा मागे वळून बघत बसतात.

दुसरा 'क्या दिल्ली क्या लाहोर' (२०१४), विजय राज यांनी दिग्दर्शित केलेला. १९४८ मधली एक चौकी. पाकिस्तानी सैनिक मूळचा दिल्लीचा आणि भारतीय बाजूचा आचारी मूळचा लाहोरचा. इथे दोघांची भाषा एकच आहे, सबटायटलचं काम जवळजवळ नाही. पहिल्या सिनेमानंतर लगेच हा दाखवला, की भाषा सारखी असूनही अंतर कसं राहतं हे न सांगता कळतं. तुमच्या अनुवादकांनाही या पंधरवड्यात श्वास घ्यायला मिळतो, तो फायदा वेगळाच.

तिसरा कोन इचिकावा यांचा 'द बर्मीज हार्प' (१९५६). शरणागतीनंतर एक जपानी सैनिक भिक्खूच्या वेशात ब्रह्मदेशातल्या बेवारस प्रेतांना मूठमाती देत फिरतो. कामठीला ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर आणि लष्कराच्या गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर एकाच गावात आहेत. या सिनेमाला याहून योग्य परिसर शोधून सापडायचा नाही. दीक्षाभूमीवरचा धम्मदीक्षेचा सोहळाही १९५६ चाच. क्रम बदलून हा आधी लावणार असाल तर तारीख मात्र धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आठवड्यात धरू नका. त्या दिवसांत शहरातली वाहतूक, हॉल आणि माणसं सगळंच दीक्षाभूमीकडे असतं. आठ-पंधरा दिवसांनी लावा.

चौथा ज्याँ रेन्वार यांचा 'ला ग्राँद इल्यूझ्याँ' (१९३७). पहिल्या महायुद्धातले फ्रेंच युद्धकैदी आणि त्यांचा जर्मन किल्लेदार. एकाच पोशाखातल्या दोन माणसांत वर्गाचं अंतर असतं आणि वेगळ्या पोशाखातल्या दोन खानदानी अधिकाऱ्यांत ते नसतं, हा या सिनेमाचा गाभा. मध्यंतर हवंच असेल तर कैद्यांची डोंगरावरच्या किल्ल्यात बदली होते तिथे घ्या, घड्याळाच्या मध्यावर नको.

शेवटी डॅनिस तानोविच यांचा 'नो मॅन्स लँड' (२००१). २००२ च्या ऑस्करला 'लगान' ज्याच्यापुढे हरला तोच हा. ही ओळ पोस्टरवर टाका, एरवी न येणारे वीस जण येतील. काळ बोस्नियातल्या युद्धाचा. दोन फळ्यांच्या मधल्या खंदकात एक बोस्नियाक (बोस्नियाचा मुस्लिम), एक सर्ब आणि तिसरा, ज्याच्या अंगाखाली सुरुंग आहे. ९८ मिनिटं. मालिकेची सुरुवात याने कधीही करू नका. त्याचा शेवट इतका कडू आहे की पुढच्या खेळाला निम्मी माणसं येत नाहीत.

नाताळच्या आसपास 'ज्वाये नोएल' (२००५) लावायचा मोह होतो. १९१४ च्या नाताळातल्या आपोआप झालेल्या शस्त्रसंधीवरचा हा सिनेमा देखणा आहे, पण आपलं म्हणणं तो प्रेक्षकाच्या हातात आयतं ठेवतो. त्यात स्कॉटिश, फ्रेंच आणि जर्मन तुकड्या आहेत. प्रत्यक्षात त्या दिवशी ३९व्या गढवाल रायफल्सचे आपले शिपाईही आघाडीवर होते आणि त्या शस्त्रसंधीत सामील झाले होते. दाखवलाच तर एवढी माहिती सुरुवातीला जरूर द्या.

दोन खेळांत पंधरा दिवसांचं अंतर ठेवा. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट टाळा. त्या दिवशी सीताबर्डीचा किल्ला लोकांसाठी उघडतो, बर्डीत गाडी लावायला जागा नसते, आणि प्रेक्षक मनात वेगळाच सिनेमा घेऊन येतो.

परवानगी

घरच्या ओटीटी खात्यावरून हॉलमध्ये सिनेमा लावता येत नाही. ते वर्गणीचे पैसे घरात बघण्यापुरते असतात. तांत्रिक अडचणही आहेच: नक्कलविरोधी कुलपामुळे स्वस्त एचडीएमआय स्प्लिटरमधून गेलेलं चित्र पडद्यावर बऱ्याचदा काळं दिसतं, आवाज तेवढा येतो.

कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेला सवलत आहे. प्रेक्षक फक्त तिथले विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं असतील तरच ती लागू होते. गेटवर "सर्वांचे स्वागत" असा फलक लावलात की ती गेली. भारतात सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, म्हणून १९३७ आणि १९५६ च्या सिनेमांचा तो संपला आहे. तरी लगेच हात मोकळे झाले असं समजू नका. पटकथा आणि संगीताचा हक्क ज्याचा त्याचा वेगळा असतो आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. नव्याने दुरुस्त केलेल्या प्रती आणि त्यावरची सबटायटलंही कोणाच्या तरी मालकीची असतात.

तेव्हा सरळ हक्कधारकाला किंवा वितरकाला ईमेल करा, आठ आठवडे आधी. त्यात तारीख, जागा, खुर्च्यांची संख्या, तिकीट आहे की मोफत, एकच खेळ की जास्त, आणि प्रत कोणत्या रूपात हवी हे लिहा. एक वाक्य न विसरता घाला: मराठी सबटायटल आम्ही तयार करू, त्याची परवानगी द्यावी. अनुवादाचा हक्क वेगळा असतो आणि ही परवानगी नंतर मागायला गेलं की सगळा पत्रव्यवहार पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. जपानी सिनेमासाठी दिल्लीचं जपान फाउंडेशन, फ्रेंचसाठी आलियान्स फ्राँसेज इथे विचारून बघा. कधी प्रत मिळते, कधी नुसता योग्य माणसाचा पत्ता मिळतो, दोन्ही उपयोगाचं.

कॉलेजच्या चार भिंतींबाहेर, सर्वांसाठी खुला खेळ असेल तर सेन्सॉर प्रमाणपत्राचा प्रश्न येतो. भारतात प्रदर्शितच न झालेल्या परदेशी सिनेमाला ते नसतं. अशा वेळी नोंदणी असलेल्या फिल्म सोसायटीबरोबर काम करणं सोपं पडतं. त्यांना सूट कशी घ्यायची ते माहीत असतं.

मराठी ओळी: खरं काम इथे आहे

तीन माणसं लागतात. एक अनुवाद करणारा, एक वेळ जुळवणारा, आणि तिसरा ज्याने सिनेमा पाहिलेलाच नाही असा, शेवटची तपासणी करणारा. दीड तासाच्या सिनेमाला, सगळे नोकरी सांभाळून करत असतील तर, तीन आठवडे धरा.

फ्रेंच आणि जर्मन येणारी माणसं नागपुरात मिळतात. एस्टोनियन किंवा जॉर्जियनसाठी इंग्रजी सबटायटलवरूनच जावं लागेल. तसं असेल तर अनुवादाला हात लावण्याआधी एकदा सिनेमा फक्त कानाने ऐका आणि प्रत्येक संवादापुढे भाषा लिहा. 'टँजरीन्स'मध्ये इव्हो आणि मार्गुस आपसात एस्टोनियन बोलतात आणि पाहुण्यांशी रशियन. जॉर्जियन सैनिकाने तोंड उघडलं तर तो कोण ते उघडं पडेल, म्हणून त्याला बोलता येत नाही असं सोंग घ्यावं लागतं. हे सगळं इंग्रजी ओळींत सपाट झालेलं असतं. तुमच्याही ओळींत सपाट झालं तर तो प्रसंग का ताणलेला आहे ते मागच्या रांगेला कळणार नाही.

भाषा दाखवायला रंग वापरा. सिनेमात जी सामाईक भाषा आहे ती पांढरी, दुसरी फिकट पिवळी. तिसरी भाषा थोडा वेळच येत असेल तर रंग न देता ओळीच्या सुरुवातीला चौकटी कंसात पहिल्यांदा एकदा लिहा: [जॉर्जियनमध्ये]. दोनपेक्षा जास्त रंग केले की लोक रंग ओळखण्यात गुंततात. लाल आणि निळा नकोच, प्रोजेक्टरवर ते रंग मंद पडतात आणि कडा पसरतात. तिरपी अक्षरं इंग्रजीत चालतात, देवनागरीत नाही. बहुतेक फॉन्टना खरं तिरपं रूप नसतं, संगणक उभ्या अक्षरालाच ढकलून वाकवतो आणि शिरोरेषा जागोजागी तुटते.

अलेक्सांद्र रोगोझ्किन यांचा 'द कुकू' (२००२) कोणी निवडला तर नियम उलटा होतो. त्यात फिनिश सैनिक, रशियन सैनिक आणि सामी बाई तिघांनाही एकमेकांची भाषा येत नाही, आणि प्रेक्षकाला मात्र तिन्ही कळायला हव्यात. विनोदही तिथेच आहे. तिथे तीन रंग द्या आणि सुरुवातीला दोन मिनिटांत सांगून टाका कोणता कोणाचा.

आता मराठीची खास ताकद. इंग्रजीत 'यू' एकच. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण अशा तीन पायऱ्या आहेत. फ्रेंचमध्ये दोन आहेत, रशियनमध्ये दोन. 'ला ग्राँद इल्यूझ्याँ'मध्ये खानदानी कॅप्टन बोएल्दिए सांगतो की तो आईलाही 'व्हू' म्हणतो आणि बायकोलाही, म्हणजे अहो-जाहो. सोबत तुरुंगात राहिलेल्या मेकॅनिक मारेशालशीही तो अरे-तुरेवर येत नाही. इंग्रजी ओळींवरून अनुवाद केला तर हे हातून निसटतं. म्हणून कामाला बसण्याआधी एक तक्ता करा: कोण कोणाला कुठपर्यंत 'तुम्ही' म्हणतो आणि कुठल्या प्रसंगापासून 'तू'. दोन शत्रू एकमेकांना 'तू' म्हणू लागतात ती मैत्रीही असू शकते आणि अपमानही. मूळ आवाजाचा सूर ऐकून ठरवा. तक्ता नसेल तर दोन अनुवादक दोन ठिकाणी वेगळं लिहितात आणि पडद्यावरचा माणूस उगाचच कधी नम्र, कधी उर्मट वाटतो.

खंदकातली शिवराळ भाषा आली की वऱ्हाडी वापरायची सुरसुरी येते. 'नो मॅन्स लँड'मधल्या दोघांना "काय बे" म्हणायला लावलं तर हॉल नक्की हसेल, आणि पुढच्या वीस मिनिटांत हसू नये तिथेही हसत राहील. एखाददुसरा 'बे' चालतो, पण तो दोघांच्याही तोंडी द्या. एकालाच बोली दिली की तो गावंढळ आणि दुसरा शिकलेला असा भेद तुम्ही नव्याने तयार करता, जो मूळ सिनेमात नाही. उलट त्या दोघांची बोली जवळजवळ एकच आहे, तीच तर गोम आहे.

शब्द सैन्यातलेच ठेवा. ट्रेंचला खंदक, माइनला सुरुंग, प्रिझनर ऑफ वॉरला युद्धकैदी. शस्त्रसंधी, शरणागती आणि तह या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची अदलाबदल केली तर कामठीहून आलेला निवृत्त सुभेदार तिथल्या तिथे चूक सांगेल. सगळ्यांना सरसकट 'जवान' म्हणू नका, हुद्दा असेल तो लिहा.

मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकारही. एक वाक्य दोन ओळींत तोडताना हे घात करतं. "मी त्याला मारणार" अशी ओळ येऊन गेली आणि दीड सेकंदाने "नव्हतो" आलं, तर हॉलमध्ये उगाच उसासा पडतो. नकार पुढे ओढा: "मारायचं नव्हतं त्याला." वाक्याची रचना थोडी वाकवली तरी चालेल, अर्थाचा क्रम मूळ बोलण्याबरोबर राहिला पाहिजे.

मोजमाप असं ठेवा. एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत सहा-सात शब्द. वाचण्याचा वेग सेकंदाला अडीच शब्द. कितीही छोटी ओळ असली तरी एक सेकंद, कितीही मोठी असली तरी सहा-सात सेकंद. दोन ओळींमध्ये दोन फ्रेम मोकळ्या, म्हणजे जुनी गेली आणि नवी आली हे डोळ्याला कळतं. दृश्य बदलतं तिथे ओळही संपवा. सबटायटल एडिटसारखं सॉफ्टवेअर 'ओळ फार लांब' अशी लाल खूण करतं ती जशीच्या तशी मानू नका. ते काना, मात्रा, वेलांटी वेगवेगळी मोजतं. 'किल्ल्यात' हा डोळ्याला तीन अक्षरांचा शब्द, त्याच्या मते नऊ.

फाइल युनिकोडमध्येच हवी. टायपिंग करून देणारा श्रीलिपी किंवा कृतीदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये काम करत असेल तर त्याचा मजकूर प्लेअरमध्ये अगम्य इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो. रूपांतर होतं, पण रफार आणि जोडाक्षरं हाताने तपासावी लागतात. जतन करताना यूटीएफ-८ निवडा. 'एएनएसआय' निवडलं गेलं की सगळी देवनागरी प्रश्नचिन्हं होते आणि बंद केल्यावर ती परत आणता येत नाही, म्हणून रोजची प्रत वेगळ्या नावाने ठेवा.

सर्वांत जास्त गोंधळ फ्रेम रेटचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम दिसतात त्याचा. तुमची सबटायटल २५ फ्रेमच्या प्रतीवर जुळवली आणि हॉलमध्ये २३.९७६ ची प्रत लागली, तर दहाव्या मिनिटाला ओळी सुमारे २५ सेकंद पुढे पळतात आणि ८७ मिनिटांच्या सिनेमाच्या शेवटी साडेतीन मिनिटांहून जास्त. व्हीएलसी या प्लेअरमध्ये जी आणि एच या कळांनी ओळी ५० मिलिसेकंदांनी मागेपुढे होतात, पण तो उपाय सगळीकडे सारखीच चूक असेल तरच चालतो. चूक वाढत जात असेल तर सबटायटल एडिटमध्ये फ्रेम रेट बदलून नवी फाइल करा. ओळखायचं कसं? पहिला, मधला आणि शेवटचा असे तीन संवाद तपासा. तिन्हीकडे फरक सारखा असेल तर कळ, वेगळा असेल तर फ्रेम रेट. आणि हे हॉलमध्ये नाही, प्रत हातात आली त्या दिवशी.

गाणी हा वेगळा प्रश्न. 'द बर्मीज हार्प'मध्ये जपानी सैनिक आणि त्यांना वेढणारे इंग्रज एकच चाल आपापल्या भाषेत गातात. पहिल्यांदा अर्थ द्या. दुसऱ्यांदा ओळ देऊ नका, पडदा मोकळा सोडा. चाल तीच आहे हे कानाला कळू द्या.

पडदा, आवाज, अंधार

तीन मीटर रुंद पडद्याला अंधाऱ्या हॉलमध्ये ३००० ल्यूमेन (प्रोजेक्टरच्या उजेडाचं माप) पुरतात. आकडा एएनएसआय ल्यूमेनचा बघा. ऑनलाइन मिळणाऱ्या छोट्या प्रोजेक्टरवर छापलेले नऊ-दहा हजार ल्यूमेन खरे नसतात. अंतराचं गणित सोपं: थ्रो रेशो (प्रोजेक्टरच्या माहितीत दिलेला आकडा) गुणिले पडद्याची रुंदी. रेशो १.५ असेल तर पडद्यापासून साडेचार मीटर. हॉल बुक करण्याआधी तेवढ्या अंतरावर टेबल आणि प्लग आहे का बघा. नसेल तर दहा मीटरची एचडीएमआय केबल लागते, आणि स्वस्तातली लांब केबल मध्येच चित्र घालवते.

सपाट जमिनीवर खुर्च्या असतील तर पडद्याची खालची कड जमिनीपासून किमान सव्वाचार फूट वर हवी. सबटायटल खाली असतात आणि समोरच्याचं डोकं नेमकं तिथेच येतं. छत बुटकं असेल तर पडदा लहान घ्या, किंवा ओळी चित्राच्या तळापासून थोड्या वर उचला. मागची रांग १२ मीटरवर असेल तर अक्षराची उंची, मात्रा-वेलांटी सोडून, पडद्याच्या उंचीच्या चार टक्के ठेवा, म्हणजे तीन मीटरच्या पडद्यावर सुमारे पावणेसात सेंटिमीटर. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट दुरून स्वच्छ दिसतात. काळी कड जाड ठेवा. 'ला ग्राँद इल्यूझ्याँ'चा शेवट बर्फात आहे, तिथे नुसती पांढरी अक्षरं गायब होतात. त्या भागापुरती मागे अर्धपारदर्शक काळी पट्टी द्या.

हॉलचा प्लेअर किंवा स्मार्ट टीव्ही वापरणार असाल तर पेनड्राइव्हवर फाइल टाकून एकदा लावून बघा. बऱ्याच टीव्हींमध्ये जोडाक्षर फुटून हलन्तासह दिसतं आणि पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर पडते. तसं झालं तर लॅपटॉपच वापरा. वितरकाने फक्त ब्लू-रे पाठवली असेल आणि तीवर मराठी चढवता येत नसेल, तर दुसरा छोटा प्रोजेक्टर पडद्याखालच्या काळ्या कापडाच्या पट्टीवर लावा आणि ओळी स्लाइडसारख्या हाताने पुढे न्या. त्यासाठी सिनेमा तीनदा पाहिलेला माणूस बसवा. दोन तास त्याला चहाला उठता येणार नाही हे आधी सांगा.

युद्धपटात कुजबुज आणि स्फोट एकाच प्रसंगात असतात. कुजबुजीवर आवाज जुळवला तर स्फोटाला लोक दचकून कानावर हात ठेवतात, स्फोटावर जुळवला तर कुजबुज ऐकू येत नाही. मूळ ध्वनी ५.१ चा, म्हणजे सहा चॅनेलचा असेल आणि तुमच्याकडे दोनच स्पीकर असतील तर प्लेअरमध्ये स्टीरिओ डाउनमिक्स चालू करा, नाहीतर मधल्या चॅनेलवरचे संवाद हरवतात. व्हीएलसीचा कॉम्प्रेसर (मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणारी सोय) हलका चालू ठेवा. स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, मागच्या भिंतीला नाही.

एप्रिल ते जून हे विसरून जा. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर लावल्याशिवाय हॉलमध्ये बसवत नाही, आणि दोन डेझर्ट कूलर चालू झाले की 'टँजरीन्स'मधल्या शांततेचं काही उरत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगले. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, सहाला खेळ सुरू करता येतो. उघड्यावर दाखवायचं तर नियमाप्रमाणे रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद करावा लागतो, म्हणजे चर्चेसह सगळं तोवर आटपायचं. आणि शाली आणायला सांगा.

एक केव्हीएचा यूपीएस लॅपटॉप आणि प्रोजेक्टरला पुरतो, स्पीकर त्यावर टाकू नका. दिव्याच्या प्रोजेक्टरची वीज अचानक गेली तर दिवा गार होईपर्यंत तो पुन्हा पेटत नाही, पाच-दहा मिनिटं जातात. त्या वेळात चर्चा सुरू करू नका, अर्ध्या सिनेमावरची मतं नंतर बदलत नाहीत.

बोलायचं काय आणि कधी

सिनेमाआधी तीन मिनिटांपेक्षा जास्त बोलू नका. युद्ध कुठलं, साल कुठलं, कोण कोणाच्या बाजूने, रंग कोणते, बस. युद्धाची निरर्थकता वगैरे आधी सांगून टाकलं की लोक सिनेमा तपासायला बसतात.

कामठी आणि वायुसेनानगरमुळे इथल्या प्रेक्षकांत निवृत्त सैनिक असणारच. आमंत्रणात स्पष्ट लिहा: स्फोट आहेत, सुरुंगाचा प्रसंग आहे, जखमी आणि मृत दिसतात. कडेच्या आणि दाराजवळच्या खुर्च्या मोकळ्या ठेवा, म्हणजे ज्याला उठायचं त्याला कोणाची माफी न मागता उठता येईल. नंतर "तुम्ही प्रत्यक्ष पाहिलंय, सांगा ना" असा आग्रह करू नका. बोलायचं असेल तर ते आपणहून बोलतात, आणि त्यांचं बोलणं सहसा सिनेमातल्या चुकांपासून सुरू होतं: बंदूक अशी धरत नाहीत, पहारा असा बदलत नाही. ते चालू द्या, त्यातूनच पुढचं निघतं.

'युद्ध वाईट आहे का?' असा प्रश्न विचारला की पाच मिनिटांत चर्चा संपते, कारण उत्तर एकच आहे. वस्तूंबद्दल विचारा. दोघांनी पहिली कुठली गोष्ट वाटून घेतली: पाणी, सिगारेट, जेवण? ती देताना हात कोणी पुढे केला? समोरच्याचं नाव पहिल्यांदा कधी घेतलं? 'नो मॅन्स लँड'मध्ये दोघांना बन्या लुका शहरातली एकच मुलगी ओळखीची निघते, तेव्हा काय बदलतं आणि किती वेळ? हे प्रश्न आधी कागदावर लिहून ठेवा, चार पुरतात.

कधीतरी गाडी आजच्या राजकारणावर जाणार, नागपुरात तर दहाव्या मिनिटाला. "विषय सोडू नका" असं म्हणून गप्प बसवलं तर माणूस दुखावतो आणि बाकीचे घड्याळ बघतात. त्याचा मुद्दा एका वाक्यात परत म्हणा आणि विचारा, हे सिनेमातल्या कुठल्या माणसाने म्हटलं असतं? बहुतेक वेळा कोणीतरी म्हटलेलंच असतं, आणि बोलणं पडद्याकडे परततं. युद्धकैद्यांचा प्रश्न निघाला तर १९४९ चा तिसरा जिनीव्हा करार हाताशी ठेवा. त्याच्या कलम ५२ नुसार कैद्याने स्वखुशीने तयारी दाखवल्याशिवाय त्याला धोक्याचं काम देता येत नाही, आणि सुरुंग काढणं हे धोक्याचंच काम आहे असं त्यात थेट लिहिलं आहे.

चर्चा ४० मिनिटांत थांबवा. खुर्च्या उचलण्याआधी तपासणी करणाऱ्या तिसऱ्या माणसाची वही घ्या. कुठे लोक चुकीच्या जागी हसले, कुठे ओळ वाचून व्हायच्या आत गेली, कुठे शेजाऱ्याला "काय म्हणाला?" असं विचारलं गेलं, ते त्याने मिनिटासकट लिहिलेलं असेल. दुसऱ्या दिवशी तेवढ्या ओळी दुरुस्त करा आणि फाइलच्या नावात तारीख घाला. वर्धा किंवा अमरावतीहून ती मागणारा माणूस येईल तेव्हा त्याला हीच प्रत द्या, पण हक्कधारकाची वेगळी परवानगी आणल्यावर.